कीपॅड, एलईडी आणि दिव्यांची उघडझाप: वाचक विचारतात

मागच्या अंकातला प्रोजेक्ट बऱ्याच जणांनी करून बघितला आणि अडलं तिथे लगेच पत्रं पाठवली, खूप बरं वाटलं. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आर्डुइनो उनो बोर्ड (आपण लिहिलेला कोड चालवणारा छोटा कंट्रोलर), १६ बटणांचा ४ बाय ४ कीपॅड आणि ४ एलईडी, १ ते ४ मधलं बटण दाबलं की त्या नंबरचा एलईडी उघडझाप करायला लागतो, तेच बटण परत दाबलं की थांबतो, ए दाबलं की वेग वाढतो, बी दाबलं की कमी होतो, हॅश दाबलं की सगळे बंद. कोड मुद्दाम दिला नव्हता, तो तुम्हीच लिहायचा होता. आणि त्यामुळेच इतके छान प्रश्न आलेत. एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्या पत्रांत आहे, काही बिघडलं की पहिला संशय वायरवर नाहीतर पार्टवर. ते आधी बाजूला ठेवा आणि आत्ता या क्षणी कंट्रोलर कोडच्या कुठल्या ओळीवर उभा आहे ते विचारा, खालच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिथेच सापडतील.

प्रश्न: ताई, १ दाबलं की पहिला एलईडी मस्त लुकलुकतो, पण तो चालू असताना २ दाबलं तर बोर्ड कधी ऐकतो कधी ऐकत नाही. बटण दोन सेकंद दाबून धरलं तर मात्र नक्की घेतो. कीपॅड बदलून बघितला, जंपर वायर बदलल्या, तरी तेच. काय खराब असेल?

काहीच खराब नाहीये, पहिला कीपॅडसुद्धा चांगलाच असणार, तो टाकून देऊ नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "दोन सेकंद दाबून धरलं तर घेतो". तुमचा लूप, म्हणजे परत परत चालणारा कोड, असा आहे, बटण वाचा, एलईडी पेटवा, डिले १००० (म्हणजे १००० मिलिसेकंद नुसतं थांबा), एलईडी विझवा, डिले १०००, आणि परत वरती. आता बघा, उनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके, आणि डिले म्हटलं की ती हे सगळे ठोके नुसती घड्याळाकडे बघण्यात घालवते, तुमचा पुढचा कोड तोपर्यंत जागचा हलत नाही. कीपॅड वाचणारी ओळ दोन सेकंदांतून एकदाच येते आणि ती एका मिलिसेकंदाच्या आसपासच संपते. तुमचं बोट बटणावर समजा दीडशे मिलिसेकंद असतं, तर तेरा-चौदा वेळा दाबावं तेव्हा कुठे एकदा जुळून येणार. दोन सेकंद धरून ठेवलं की अर्थातच दरवेळी जुळतं.

म्हणून डिले काढून टाका. कमी करून १०० करू नका, काढूनच टाका, कारण कमी केला की दुखणं कमी जाणवतं आणि मग महिन्याभराने एखादा सेन्सर जोडला की परत डोकं वर काढतं. डिलेच्या ऐवजी मिलिस वापरायचं. मिलिस म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा, तो कधीही विचारता येतो आणि विचारायला वेळ लागत नाही. प्रत्येक एलईडीसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या, त्याची उघडझाप चालू आहे का, आत्ता तो पेटलेला आहे की विझलेला, आणि शेवटचा कधी बदलला. मग लूपमध्ये पहिलं काम कीपॅड वाचायचा, बटण आलं असेल तर फक्त "चालू आहे का" ही नोंद बदलायची, आणि त्यानंतर चारही एलईडींवरून एक फेरी मारायची, जो चालू आहे त्याची आत्ताची वेळ वजा शेवटची बदललेली वेळ ५०० किंवा जास्त झाली असेल तर त्याला उलटा करायचा आणि नवी वेळ नोंदवायची. नसेल झाली तर पुढे जायचं. कुठेच थांबायचं नाही! असा लूप सेकंदाला हजारो फेऱ्या मारतो आणि तुमचं बोट कितीही घाईत असलं तरी त्याला शेकड्याने संधी मिळतात. चारही एलईडींचे वेग वेगवेगळे ठेवायचे असतील तर तेही इथे आपोआप जमतं, डिलेवाल्या कोडमध्ये तो विचार करून बघा, पानभर गुंता होईल.

आपला लूप अडकतोय का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. दर फेरीला एक काउंटर वाढवायचा आणि सेकंदातून एकदा तो सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेली अक्षरं कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) छापून परत शून्य करायचा. हजारांत आकडा आला तर ठीक, १ किंवा २ आला तर कुठेतरी डिले बसलाय. फक्त दर फेरीला छापत बसू नका, ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरंच जातात, त्याच्यावर गेलात की बफर, म्हणजे पाठवायची अक्षरं साठवायची जागा, भरतो आणि मग छापणंच डिलेसारखं अडवायला लागतं, मी स्वतः असं करून भलतीकडेच चूक शोधत बसलेली आहे.

प्रश्न: माझा एलईडी बटण दाबल्यावर क्षणभर चमकतो आणि लगेच विझतो, बटण धरून ठेवलं तरी. डिले वापरलेलाच नाही.

तुमचा कोड बघितला, "की जर १ असेल तर एलईडी चालू, नाहीतर बंद" असं लिहिलंय. यातलं "नाहीतर" घात करतंय. कीपॅड लायब्ररीचं, म्हणजे कीपॅड वाचायच्या तयार कोडचं, गेटकी हे फंक्शन बटण दाबल्याच्या क्षणी ते अक्षर एकदाच देतं, पुढच्या फेरीत बोट तिथेच असलं तरी ते "काही बटण नाही" असंच सांगतं. म्हणजे एका फेरीत एलईडी पेटला आणि पुढच्याच फेरीत "नाहीतर" लागू होऊन विझला. ती ओळ काढा. बटण आलं तरच काहीतरी बदलायचं, नाही आलं तर आहे तसं राहू द्यायचं. बटण ही घटना आहे आणि एलईडी चालू असणं ही अवस्था आहे, या दोन गोष्टी कोडमध्ये वेगळ्या ठेवल्यात की पुढचे कितीतरी प्रश्न येणारच नाहीत.

प्रश्न: मी शाळेत आहे. मी थोडा बदल केला, जो आकडा दाबू तितक्या वेळा एलईडी लुकलुकायला पाहिजे. पण ३ दाबलं की तो थांबतच नाही. मी तीन वेळा मोजलं, दरवेळी ५१ वेळा होतं. असं का?

तू बसून तीन वेळा मोजलंस हे मला फार आवडलं, "खूप वेळा होतं" एवढंच लिहिलं असतंस तर मला अंदाज बांधत बसावं लागलं असतं, पण ५१ म्हटल्याबरोबर उत्तर समोर आलं. कीपॅड तुला ३ हा आकडा देत नाही, '३' हे अक्षर देतो. आणि कंट्रोलरला अक्षर माहीत नसतं, प्रत्येक अक्षरासाठी एक क्रमांक ठरलेला असतो, त्या तक्त्याला आस्की म्हणतात. त्यात शून्य या अक्षराचा क्रमांक ४८ आहे, एकचा ४९, दोनचा ५०, तीनचा ५१. तू ते अक्षर सरळ मोजणीत टाकलंस म्हणून ५१ वेळा झालं. आता ५ दाबून बघ, ५३ वेळा होईल. आलेल्या अक्षरातून शून्य हे अक्षर, म्हणजे ४८, वजा केलं की झालं.

पण वजाबाकीच्या आधी ते अक्षर ० ते ९ मधलंच आहे ना हे तपास, कारण चांदणीचा क्रमांक ४२ आहे आणि हॅशचा ३५, त्यातून ४८ गेले की उणे आकडा येईल. आणि १२ वेळा, २५ वेळा असं करायचं असेल तर एक व्हेरिएबल (आकडा लक्षात ठेवायची जागा) शून्यावर ठेव, नवीन आकडा आला की जुन्याला १० ने गुणून त्यात तो मिळव, १ नंतर २ आलं की १ चे १० झाले आणि २ मिळून १२. हॅश दाबलं की उघडझाप सुरू आणि व्हेरिएबल परत शून्य. करून बघ आणि नक्की कळव.

प्रश्न: ताई, मी डिले काढून मिलिसच वापरलंय. बोर्ड चालू केल्यावर सगळं अगदी छान चालतं, पण साधारण अर्ध्या मिनिटानंतर एलईडी लुकलुकायचा थांबतो आणि मंद पेटून राहतो. रिसेट दाबलं की परत अर्धा मिनिट छान. बोर्ड तापत असेल का? वेगळा पॉवर सप्लाय लावून बघू का?

सप्लाय लावू नका, घड्याळ लावा. नेमकं किती सेकंदांनी बिघडतं ते मोजा, मी इथून सांगते, ३२ सेकंद आणि वर पाऊण. हा बग मला एकदा अख्खी संध्याकाळ पुरला होता, एलईडी बदलला, रेझिस्टर बदलला, केबल बदलली, म्हणून तुमचं पत्र वाचून अगदी जवळचं वाटलं.

शेवटची वेळ ठेवायला तुम्ही इंट हा आकड्यांचा प्रकार वापरलाय. उनोवर इंट १६ बिटचा असतो, त्यात ३२७६७ पर्यंतच मावतं, पुढचा आकडा टाकला की तो उलटून उणे ३२७६८ होतो. ३२७६७ मिलिसेकंद म्हणजेच ३२ पूर्णांक ७६७ सेकंद. त्यानंतर तुम्ही मिलिसमधून ती उणे झालेली वेळ वजा करता तेव्हा फरक ६५ हजारांच्या वर जातो, तो ५०० पेक्षा कायमच मोठा, त्यामुळे एलईडी प्रत्येक फेरीत उलटा होतो, सेकंदाला हजारो वेळा. डोळ्याला ती उघडझाप दिसत नाही, अर्धा वेळ पेटलेला म्हणून नुसता मंद दिसतो. म्हणजे तो थांबलेला नाहीच, उलट भयंकर वेगाने लुकलुकतोय! मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बोर्ड हलवून बघितलात तर कदाचित तुटक रेघही दिसेल.

वेळ ठेवायचं प्रत्येक व्हेरिएबल अनसाइन्ड लाँग करा. तो ३२ बिटचा, त्याला संपायला ४९ दिवस आणि वर १७ तास लागतात. आणि तो संपून शून्यावर आला तरीही "आत्ताची वेळ वजा शेवटची वेळ" असं लिहिलेलं असेल तर उत्तर बरोबरच येतं, बिनचिन्हाच्या वजाबाकीत तो उलटा फेरा आपोआप जुळतो. "शेवटची वेळ अधिक ५०० पेक्षा आत्ताची वेळ मोठी आहे का" असं बेरजेने लिहिलंत तर मात्र त्या टोकाला गडबड होते. दिसायला दोन्ही सारखंच गणित, म्हणून वजाबाकीची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

प्रश्न: १ दाबलं की डी येतं, २ दाबलं की सी, पण ६ आणि ८ मात्र बरोबर येतात. कीपॅडच डिफेक्टिव्ह आहे ना?

अजिबात नाही, आठ वायरींची पट्टी उलटी लागली आहे. पट्टीत आधी चार ओळींच्या वायरी आणि मग चार उभ्या रांगांच्या अशा क्रमाने असतील तर उलटी लावल्यावर पहिली ओळ शेवटच्या रांगेच्या जागी जाते आणि सगळा कीपॅड तिरक्या आरशात बघितल्यासारखा होतो, ए पासून चांदणीपर्यंतच्या तिरक्या रेषेवरची ए, ६, ८, चांदणी ही चार बटणं जागेवर राहतात आणि बाकीची आपापसात बदलतात. ७ दाबून बघा, ० येईल. पट्टी फिरवा, झालं.

कुठल्याही अनोळखी कीपॅडची मांडणी शोधायची असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून १ दाबून धरा आणि कुठल्या दोन वायरींमध्ये बीप वाजतो ते बघा, मग २ दाबून बघा, दोन्हीत सामायिक असलेली वायर ती पहिली ओळ. सगळी सोळा बटणं तपासायची गरज नाही, पहिली ओळ आणि पहिली रांग एवढी सात बटणं पुरतात.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे, लायब्ररी न वापरता स्कॅनिंग (एकेक ओळ तपासून दाबलेलं बटण शोधणं) स्वतः लिहितेय. तीन अडचणी आहेत. हात जवळ नेला तरी बटणं दाबल्यासारखी येतात, एकदा दाबलं की कधी कधी दोनदा मोजलं जातं, आणि दोन-तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं बटणसुद्धा येतं.

स्वतः लिहितेयस हे उत्तम, एकदा हे हाताने केलं की लायब्ररीच्या आत काय चाललंय ते कायमचं कळतं.

पहिली अडचण, तुझ्या रांगांच्या पिना नुसत्या इनपुट आहेत, पुलअप नाही. बटण दाबलेलं नसताना ती पिन कशालाच जोडलेली नसते, लोंबकळत असते, आणि हाताजवळचा विद्युत गोंगाटही तिला हाय-लो (५ व्होल्ट किंवा ०) करायला पुरतो. इनपुट पुलअप असा मोड दे, चिपच्या आतच २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो पिनला वर धरून ठेवतो. मग अर्थ उलटा होतो हे लक्षात ठेव, दाबलेलं म्हणजे लो.

दुसरी अडचण बाउन्सची. बटणाचे संपर्क एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात आणि तेवढ्यात कंट्रोलर चार-पाच वेळा वाचून मोकळा होतो. बदल दिसला की वेळ नोंदव, २० मिलिसेकंद तोच निकाल टिकला तरच खरा मान. यासाठी परत डिले टाकू नकोस, मिलिसनेच कर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि त्यात दोन वेगळे प्रकार मिसळलेत. स्कॅन करताना तू एक ओळ लो करतेस आणि उरलेल्या तिन्ही ओळी आउटपुट हाय ठेवतेस. आता एकाच उभ्या रांगेतली १ आणि ४ ही बटणं एकदम दाबली तर काय होईल, एक ओळ हाय दुसरी लो आणि मध्ये दोन दाबलेली बटणं, म्हणजे दोन आउटपुट पिना एकमेकींना जोडल्या गेल्या, सरळ शॉर्ट. लगेच जळेलच असं नाही पण पिनवर नको तो भार येतो, आणि रांगेचं व्होल्टेज धड लो नाही धड हाय अशा जागी अडकल्यामुळे वाचनही बेभरवशाचं होतं. म्हणून जी ओळ तपासायची तेवढीच आउटपुट लो कर, बाकीच्या तिन्ही इनपुट ठेव. एक ओळ झाली की तिला इनपुट कर, मग पुढची. ओळ लो केल्यावर रांगा वाचायच्या आधी दहा-एक मायक्रोसेकंद थांब, पुलअपला वायर वर खेचायला थोडा वेळ लागतो (हा एवढा डिले चालतो, त्याने काही अडत नाही).

एवढं करूनही १, २ आणि ४ एकदम दाबलंस तर ५ येणारच. चौकोनाचे तीन कोपरे दाबले की करंट त्या तिन्हींमधून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, याला घोस्टिंग म्हणतात आणि कोडला ते खऱ्या ५ पासून वेगळं ओळखता येत नाही. प्रत्येक बटणाला १एन४१४८ सारखा एक डायोड लावला तर वळसा बंद होतो, पण तयार पट्टी-कीपॅडमध्ये डायोड घालता येत नाहीत. तुझ्या प्रोजेक्टला त्याची गरजही नाही, एका वेळी एकाहून जास्त बटणं दिसली तर सगळंच सोडून द्यायचं, एवढा नियम पुरेसा आहे.

प्रश्न: ४ ऐवजी ८ एलईडी लावायचेत, पिना पुरत नाहीत. आणि आठांना मिळून एकच रेझिस्टर चालेल का?

पिना पुरतात. कीपॅडच्या ८ आणि एलईडीच्या ८ मिळून १६, उनोवर डिजिटल १४ आहेत, त्यातल्या ० आणि १ सिरीयलसाठी मोकळ्या ठेवल्या तरी १२ उरतात, आणि ए० ते ए५ या ॲनालॉग पिना डिजिटल म्हणूनही चालतात, म्हणजे एकूण १८. याहून जास्त हवे असतील तर ७४एचसी५९५ ही शिफ्ट रजिस्टर चिप घ्या, तीन पिनांवर आठ एलईडी होतात.

एकच रेझिस्टर नको. जितके जास्त पेटतील तितका प्रत्येक मंद होईल, आणि लाल-निळे मिसळले असतील तर लाल साधारण २ व्होल्टवरच पेटून बसतो आणि ३ च्या आसपास लागणाऱ्या निळ्याला काही उरत नाही. प्रत्येकाला स्वतःचा ३३० ओहम द्या, लाल एलईडीला ५ व्होल्टवर साधारण ९ मिलिअँपिअर जातील, आठ मिळून ७२. पिनला २० पर्यंत ठेवावं आणि ४० च्या पुढे कधीच नाही, पूर्ण चिपची मर्यादा २०० ची आहे, तेव्हा आरामात बसतंय.

प्रश्न: आमच्याकडे लॅबमध्ये ८०५१ हा कंट्रोलर आहे. तोच प्रोजेक्ट त्यावर केला तर एलईडी अगदी मिणमिणता लागतो, आणि कीपॅड पोर्ट ० ला लावला तर काहीच वाचत नाही.

८०५१ इंटेलने १९८० मध्ये आणला, त्याच्या पिनांची रचना उनोपेक्षा फार वेगळी आहे. पोर्ट १, २, ३ च्या पिना हाय असताना आतल्या दुबळ्या पुलअपमधूनच करंट देतात, त्याने एलईडी नीट पेटत नाही. लो असताना मात्र त्या बराच जास्त करंट ओढून घेऊ शकतात. म्हणून एलईडी उलटा जोडा, ५ व्होल्टकडून रेझिस्टर, मग एलईडी, मग पिन, आणि पेटवायला पिनवर ० लिहा. तुमच्या चिपच्या डेटाशीटमध्ये एका पिनची आणि पूर्ण पोर्टची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते, एका पोर्टवर चारही एलईडी लावणार असाल तर पोर्टची मर्यादा आधी बघा. पोर्ट ० ला आतून पुलअपच नाही, तिथे कीपॅड लावायचा तर प्रत्येक पिनला बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला जोडा, नाहीतर सरळ कीपॅड पोर्ट १ ला हलवा, आणि वाचायच्या आधी त्या पिनांवर १ लिहायला विसरू नका, ८०५१ मध्ये पिन इनपुट करायची ती एकच पद्धत आहे.